पेठांमधून चालताना जुन्या वाड्यांत नेमकं काय बघायचं?

पायीफिरस्ता

रविवारी सकाळी पुण्यात कसबा, शनिवार, बुधवार, सदाशिव अशा पेठांतून चार-पाच जणांनी चालत फिरायचा बेत आहे. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, लाल महाल सगळ्यांचे बघून झालेत. आता फलक नसलेलं बघायचंय : वाड्यांची दारं, खांब, कौलं, जोती, बोळात अर्धवट दिसणारं काहीतरी.

अडचणी अशा :

१. प्रत्येक जुन्या वाड्याला लोक ‘पेशवेकालीन’ म्हणतात. खरोखर त्या काळातलं काय आणि नंतरचं काय, हे बाहेर उभं राहून कसं ओळखायचं?

२. दगडावरची अक्षरं फोटोत उमटतच नाहीत. शके दिसला तरी इसवी सन काढताना गोंधळ होतो.

३. सोबत काय न्यावं आणि कुठल्या वेळी निघावं?

पुस्तकांची यादी नको, रस्त्यावर उभं राहून वापरता येईल असं सांगा.

---

घडीव_दगड

पहिली गोष्ट, वाड्याचं वय विचारू नका, वाड्यातल्या एकेका भागाचं वय विचारा. पेठांमधला बहुतेक वाडा तीन-चार काळांचा मिळून झालेला असतो : जोतं पेशवाईतलं, लाकडी सांगाडा एकोणिसाव्या शतकातला, कौलं त्यानंतरची, पुढचा सज्जा १९३०-४० चा. त्यातला एक तपशील पाहून अख्ख्या इमारतीला तारीख लावली की चूक ठरलेली.

बघायला सुरुवात खालून करा. सगळे मान वर करून सज्जे बघतात, पण आगीत, पुरात, रस्तारुंदीत वरचं जातं आणि जोतं, म्हणजे खालचा बांधीव चौथरा, मागे राहतं. चांगल्या वाड्याचं जोतं काळ्या घडीव दगडाचं असतं. दोन दगडांमधली फट बघा. मूळ कामात ती इतकी बारीक असते की चुना जेमतेम दिसतो, आणि दिसला तर दुधाळ पांढरा. करड्या रंगाची, बोटभर रुंद, फुगवून काढलेली रेघ दिसली तर ते सिमेंटचं दर्जभरण (सांधे भरणं), म्हणजे अलीकडची डागडुजी. दगड तरीही जुना असू शकतो.

मग पायऱ्या मोजा. डांबराचे थर वर्षानुवर्षं चढत गेल्याने रस्ते उंचावलेत. ज्या दाराला एकच पायरी दिसते किंवा उंबरा थेट रस्त्याच्या पातळीला आलाय, तिथे खालच्या दोन-तीन पायऱ्या गाडल्या गेलेल्या असण्याची शक्यता मोठी. काही ठिकाणी तर आत जायला उतरावं लागतं. हे लक्षात घेतलं नाही तर दाराची उंची, देवळ्यांची (भिंतीतल्या कोनाड्यांची) जागा, सगळंच बेढब वाटतं. मूळ प्रमाण मनात धरायचं असेल तर डोळ्यांनी दीड-दोन फूट रस्ता खाली ढकलून बघा.

जोत्याच्या वर विटा. पेशवाईतली वीट चपटी असते, एखाद्या जाड फरशीच्या तुकड्यासारखी. इंग्रजी मापाची वीट साधारण नऊ इंच लांब, साडेचार रुंद आणि तीन जाड. गिलावा पडलेल्या कोपऱ्यात दोन्ही शेजारी शेजारी दिसल्या तर भिंत कुठे नव्याने बांधली ते रेघेसारखं कळतं. खाली दगड आणि वर वीट हा जोड शनिवारवाड्याच्या तटात सगळ्यात स्वच्छ दिसतो, तिथे डोळा तयार करून मग पेठांत शिरा.

आतल्या आणि बाजूच्या भिंती बऱ्याचदा पांढऱ्या मातीच्या. कोरड्या असेपर्यंत त्या उत्तम टिकतात, पाण्यात उभ्या राहिल्या की विरघळतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतले वाडे मोठ्या संख्येने बसले त्याचं एक मोठं कारण हेच. त्यामुळे शनिवार, नारायण, कसबा या पेठांच्या नदीकडच्या भागात दगडी जोत्यावर १९६० च्या दशकातली चार मजली इमारत दिसली तर नवल नाही. ते जोतं जरूर बघा.

आज त्याच मातीच्या भिंतींचं नुकसान सिमेंटच्या गिलाव्याने होतंय. माती आणि चुना ओल घेतात आणि सोडतात, सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग आतले क्षार पृष्ठभागाकडे येतात, गिलावा फुगतो आणि ताटाएवढा पापुद्रा एकदम सुटतो. भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत असे पापुद्रे आणि पांढरी भुकटी दिसली की आत माती किंवा चुना आहे असं खुशाल समजा.

---

सागवानी

लाकडाबद्दल मी सांगतो, कारण पेठांमध्ये सगळ्यात जास्त आणि सगळ्यात झपाट्याने जातंय ते लाकूडकाम.

वाड्याचा भार भिंती घेत नाहीत, सागवानी सांगाडा घेतो. तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर घोडे (तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे), घोड्यांवर तुळई (मोठा आडवा वासा), तुळईवर कड्या (बारीक आडवे वासे) आणि कड्यांवर पाट (फळ्या). भिंत फक्त मधली जागा भरते. म्हणून भिंत कोसळूनही खांब-तुळया उभ्या असलेला वाडा दिसतो.

तळखडा म्हणजे खांबाच्या पायाखालचा दगड. त्याचं काम एकच : लाकडाचा पाय जमिनीच्या ओलीपासून वर ठेवणं. साध्या वाड्यात तो नुसता चौकोनी, चांगल्या वाड्यात त्यावर कमळाच्या पाकळ्या किंवा पट्ट्या घडवलेल्या. आता ओसरीवरचे सगळे तळखडे एका ओळीत बघा. काही पूर्ण दिसतात, काही अर्धे बुडालेत आणि एखादा खांब थेट फरशीतून उगवल्यासारखा दिसतो? तर तिथे फरशीवर फरशी चढवलीय. ज्या खांबाचा दगड बुडाला, त्याचा पाय फरशी धुण्याचं पाणी पिऊन कुजतो, खांब खचतो आणि वरची तुळई त्या बाजूला झुकते. छताची रेघ वाकडी दिसली तर आधी खाली बघा, कारण तिथेच सापडतं.

दार. वाड्याच्या दारापुढे दहा मिनिटं थांबलं तरी कमी पडावीत इतकं त्यात असतं. वरच्या आडव्या लाकडावर मधोमध कोरलेला गणपती ती गणेशपट्टी. दोन्ही बाजूंच्या भिंतींत दिव्यासाठी देवळ्या. मोठ्या दाराच्या एका फळीत, वाकून आणि पाय उचलून जावं लागेल अशी छोटी दिंडी. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं बघत नाहीत ते असं :

दार उघडं असेल तर चौकटीच्या मागे दोन्ही बाजूंच्या भिंतींत चौकोनी भोकं शोधा. ती अडसराची. एका बाजूचं भोक जेमतेम वीतभर खोल आणि समोरचं दाराच्या रुंदीएवढं खोल, कारण दार उघडं असताना अख्खा अडसर भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा असतो. बऱ्याच वाड्यांत अडसर गेलाय, भोकात आता विजेची वायर किंवा उदबत्तीचं घर असतं, पण भोक शाबूत आहे. भोकं असतील तर ती भिंत आणि ते दार एकमेकांसाठीच केलेले, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

मग दार फिरतं कशावर ते बघा. जुन्या दाराला बिजागरी नसते. फळीच्याच कडेला वर-खाली गोल खुंट काढलेला असतो, खालचा खुंट उंबऱ्यातल्या खळग्यात आणि वरचा चौकटीमागच्या लाकडात फिरतो. घासून घासून तो खळगा लंबगोल होतो. स्क्रूने बसवलेली बिजागरी दिसली तर दार किंवा चौकट यांतलं काहीतरी बदललंय. आणि जुन्या कोरीव चौकटी आज दुसरीकडून विकत आणून नव्या बंगल्यांना, हॉटेलांनाही बसवतात. तिथे गणेशपट्टी शंभर नंबरी जुनी असते, पण इमारतीशी तिचं काही नातं नसतं. ओळख : चौकटीच्या बाहेरच्या कडेला नक्षी मध्येच कापलेली, उंबरा गायब किंवा नवा ग्रॅनाइटचा, आणि अडसराची भोकं नाहीत.

खिळे हे आणखी एक चांगलं गमक. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी, वर चपटा होत गेलेला आणि कुठलेही दोन खिळे अगदी सारखे नाहीत. तारेपासून यंत्रावर केलेला खिळा गोल, डोकं एकसारखं.

सुरू आणि केळफूल. सुरूचा खांब म्हणजे खाली पानांचा गड्डा, वर फुगून पुन्हा निमुळता होत गेलेला, सुरूच्या झाडाच्या आकाराचा. दोन खांबांमध्ये लाकडी महिरप, आणि तुळईखाली किंवा महिरपीच्या टोकाला खाली लोंबणारं केळफूल. नानावाड्यात (१७८०) आणि विश्रामबागवाड्यात (१८०७) हे काम नीट बघून घ्या म्हणजे बाकीचं ओळखू येईल. ती महिरप भार घेत नाही. दोन बाजूंनी कापलेल्या फळ्या खांबाला आणि तुळईला ठोकलेल्या असतात, मध्यावर उभी सांध्याची रेघ सापडते. म्हणूनच महिरप सगळ्यात आधी निखळते, आणि सगळ्यात आधी विकलीही जाते.

सुरूचा खांब दिसला म्हणजे पेशवाई, हे मात्र डोक्यातून काढा. पेशवाई १८१८ ला संपली, पेशव्यांच्या सुतारांची पद्धत संपली नाही. एकोणिसाव्या शतकात सावकार, वकील, सरदार घराणी त्याच धर्तीचे वाडे बांधत राहिली. पेठांमध्ये आज उभे असलेले बरेचसे वाडे त्या काळातले आहेत आणि त्यांना ‘पेशवेकालीन’ न म्हटल्याने त्यांची किंमत तसूभरही कमी होत नाही. खुद्द विश्रामबागवाड्याचं १८७९ च्या आगीत नुकसान झालंय. त्याच आगीत बुधवारवाडा पूर्ण गेला.

कोरीवकाम हाताचं की यंत्राचं? हाताच्या कामात पार्श्वभूमीवर पटाशीचे ठसे राहतात, डावी-उजवी पानं तंतोतंत जुळत नाहीत आणि आतले कोपरे टोकदार असतात. यंत्राच्या कामात आतले कोपरे गोलसर आणि खोली सगळीकडे सारखी. तैलरंगाचे सात-आठ हात बसले असतील तर दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात. मग फळीच्या मागची किंवा खालची, रंग न पोहोचलेली बाजू बघायची.

---

ओतीव

@सागवानी यांनी लाकडाचं छान सांगितलंय, मी १८५८ नंतरचं सांगतो. त्या वर्षी रेल्वे पुण्याला पोचली आणि वाड्यांत नवं सामान शिरायला लागलं. याचा फायदा असा की बऱ्याच सामानावर तारखेचा माग लागतो.

मंगलोरी कौलं : बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. त्याआधी इथे नळीची कौलं. तेव्हा मंगलोरी कौलाचं छप्पर पेशवाईतलं असूच शकत नाही. कौलावर कारखान्याचं नाव आणि खूण दाबलेली असते, पण ती रस्त्यावरून दिसत नाही. जिथे खाली छत ठोकलेलं नाही अशा जिन्यात, ओसरीच्या टोकाला किंवा छपराच्या बाहेर आलेल्या भागाखाली उभं राहून टॉर्च वर मारा, कौलांच्या पोटावर अक्षरं वाचता येतात. एकाच छपरावर तीन-चार कारखान्यांची नावं सापडणं नेहमीचं, कारण फुटेल तसं कौल बदलतात. त्यामुळे सगळ्यात जास्त संख्येने असलेलं नाव महत्त्वाचं, एकटंदुकटं नाही.

लोखंडी तुळया : गॅलरीखाली किंवा कमानीच्या छताखाली इंग्रजी ‘आय’च्या आकाराची तुळई दिसली तर तिच्या उभ्या पोटावर नजर फिरवा. लाटतानाच त्यावर उठावाच्या अक्षरांत नाव येतं. ‘डॉर्मन लाँग’ असेल तर माल इंग्लंडचा. ‘टाटा’ असेल तर १९१२ च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं ते त्या वर्षी. रंगाखाली अक्षरं बुजलेली असतात, बाजूने टॉर्च मारला की उठतात.

कठडे आणि जाळ्या : ओतीव लोखंडाची नक्षी प्रत्येक तुकड्यात हुबेहूब सारखी, कारण साचा एकच, आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक उभी शीर राहते. घडीव लोखंडात पट्ट्या वाकवून रिव्हेटने जोडलेल्या. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, धडकेने वाकत नाही, तुटतं. म्हणून कठड्यात एखादं फूल अर्धं गेलेलं दिसतं आणि तिथे सळईचा तुकडा वेल्ड केलेला असतो. ते वेल्डिंगही फार टिकत नाही, शेजारी पुन्हा तडा जातो.

फरशी : शहाबादी फरशी पुण्यात मुबलक यायला लागली ती रेल्वे शहाबादवरून पुढे रायचूरपर्यंत (१८७१) गेल्यानंतर. त्याआधीच्या जुन्या चौकात घडीव काळा दगडच असतो. रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्सची भारतातली मोठी लाट १९२२ नंतरची, त्या वर्षी मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज सुरू झाली. त्याआधीच्या टाइल्स विलायतेहून आलेल्या. एखादी सुटी पडली असेल तर पाठीवरचं नाव बघा. बसवलेली उचकटू नका.

आणि लक्ष्मी रस्त्यावर चालताना दुकानांच्या वरचा मजला समोरच्या पदपथावरून बघा. गोल कोपऱ्याचे सज्जे, खिडक्यांवर भुवईसारखे पातळ छज्जे, सिमेंटमध्ये काढलेलं सूर्याचं किंवा कमळाचं पदक, हे विसाव्या शतकातलं काम. मागचा वाडा मात्र बऱ्याचदा त्याहून जुना. रस्ता काढताना आणि रुंद करताना वाड्यांचा पुढचा भाग कापला गेला आणि नवं तोंड बसवलं गेलं. शेजारच्या बोळातून शिरलात तर अर्धा उरलेला चौक, भिंतीत मध्येच संपणाऱ्या कड्या दिसतात. सिमेंटचं नवं तोंड म्हणून ते कमअस्सल ठरत नाही, त्याचीही नोंद व्हायला हवी. मला तर काळजी त्यांचीच जास्त वाटते, कारण कोरीव खांबासाठी चार माणसं उभी राहतात, या सज्ज्यांसाठी कुणीच नाही.

---

शके_गणित

अक्षरं आणि सन यांबद्दल.

फोटो दुपारी काढता म्हणून येत नाही. समोरून पडलेल्या उजेडात खोलगट अक्षराची सावलीच पडत नाही. भिंतीला घासून उजेड यायला हवा : सकाळी आठ-नऊ किंवा दुपारी चारनंतर, भिंत कुठल्या दिशेला आहे त्याप्रमाणे. बोळात ऊन येतच नसेल तर टॉर्च. दगडाला जवळजवळ टेकवून, फार तर पंधरा-वीस अंशांच्या कोनात, आळीपाळीने चारही बाजूंनी धरा आणि प्रत्येक वेळी एक फोटो घ्या. डावीकडून मारलेल्या उजेडात उभी रेघ उठते, वरून मारलेल्यात आडवी. एकाच फोटोत सगळं अक्षर मिळत नाही, चारांत मिळतं. फ्लॅश बंद. मोबाइल दगडाला समांतर धरा आणि शेजारी पंधरा सेंटिमीटरची पट्टी ठेवून आणखी एक घ्या.

खडू, पीठ, हळद, तेल, कोळसा, काहीही चोळायचं नाही. तेलावर धूळ बसून खाच भरते, खडूची पूड बारीक छिद्रांत राहते, आणि पुढच्या माणसाला खडूने गिरवलेलं तुमचं वाचन दिसतं, मूळ अक्षर नाही. तारेचा ब्रश तर मुळीच नको. शेंदराखाली गेलेल्या अक्षरांना हात लावू नका.

आता सन :

शालिवाहन शके : चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. महिना दिला नसेल तर ७८ धरून पुढे ‘-७९’ लिहून ठेवा.

विक्रम संवत (गुजराती व्यापाऱ्यांच्या वास्तूंवर, वर्ष कार्तिकात सुरू) : कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा, पुढे ५६.

शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतला) : ५९९ किंवा ६०० मिळवा. फसली (महसुली सन) : ५९० किंवा ५९१ मिळवा.

हिजरी : ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, पण रस्त्यावर तेवढं पुरे.

पारशी यज्देगर्दी (लष्कर भागात, अग्यारींवर) : ६३० मिळवा, आणि जानेवारीपासून पारशी नव्या वर्षापर्यंत ६३१.

शकेच्या शेजारी संवत्सराचं नाव असेल तर ते सोडू नका, वाचनाची परीक्षा तिथे होते. शकेत १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितक्या क्रमांकाचं संवत्सर (प्रभव पहिलं, शून्य उरलं तर साठावं, क्षय). झिजलेल्या दगडात १ आणि ९ हमखास एकसारखे दिसतात. समजा १७२१ की १७२९ ते कळत नाही. १७२१ + १२ = १७३३, बाकी ५३, म्हणजे सिद्धार्थी. १७२९ + १२ = १७४१, बाकी १, म्हणजे प्रभव. दगडावर ‘प्रभव’ असेल तर प्रश्न मिटला, १८०७.

आणि लेखातला सन ही त्या दगडाची तारीख आहे. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे का ते बघा. असला तर मूळ वास्तू त्याहून जुनी. संगमरवरी पाटी, उभट टाइपाची अक्षरं आणि त्यात काळा रंग भरलेला असेल तर ती विसाव्या शतकातली, मागची भिंत कुठलीही असो.

---

पायीफिरस्ता

सगळ्यांचे आभार, हे छापून बरोबर नेणार. दोन शंका. पेठांमधले हौद आणि कात्रजच्या नळाचं अजून काही रस्त्यावर दिसतं का? आणि वेळ उरला तर सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ घ्यावं का? तिथे गेलो तर कुठे नजर ठेवायची?

---

उच्छ्वास

दिसतं, फक्त देवळी किंवा पडकी चौकी समजून लोक पुढे जातात.

कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, अठराव्या शतकाच्या मध्यातला. जमिनीखालून दगड-विटांचा बांधीव मार्ग, पाणी उताराने येतं, पंप नाही. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळावर उभे केलेले बांधीव मनोरे. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते, नाहीतर ती पाण्याचा प्रवाह अडवते. तिथेच गाळ खाली बसतो आणि उतरून तो काढताही येतो. ओळख अशी : दार-खिडकी नसलेला, चुन्यात बांधलेला, वर निमुळता होत गेलेला चौकोनी स्तंभ, शेजारच्या कुठल्याच इमारतीशी न जुळणारा. माथ्यावर किंवा अंगात हवेला वाट. एक सापडला की पुढचा त्याच उताराच्या रेषेवर शोधायचा. मध्ये नवी इमारत आली असेल तर रेषा तुटते, पण नळ वळला असं लगेच समजू नका. यांचं नुकसान होतं ते पाइलिंग आणि खोल तळघरांमुळे. नळ खाली फुटला की वरचा उच्छ्वास नुसता खांब उरतो.

हौदांसाठी पेठेतल्या नावांकडे लक्ष द्या, ज्या चौकाच्या किंवा गल्लीच्या नावात हौद आहे तिथे शोध घ्या. बरेच बुजवलेत किंवा झाकलेत. घडीव दगडाची काठाची रांग फरशीत चौकोन आखून गेलेली दिसते, काठावर दोरीचे घळ पडलेले असतात.

त्रिशुंड जरूर घ्या. १७५४ ला काम सुरू होऊन १७७० ला मूर्ती बसली. भीमजीगिरी गोसावींनी बांधवलेलं. पुण्यातली बरीच देवळं विटा-चुन्याच्या शिखरांची, हे काळ्या दगडातलं आणि दर्शनी भिंत कोरीव. घाईत सगळे तीन सोंडांच्या, मोरावर बसलेल्या गणपतीपर्यंत जातात आणि परततात. तुम्ही दर्शनी भिंतीच्या खालच्या पट्ट्यांकडे बघा. तिथे साखळ्यांनी जखडलेला गेंडा आणि त्याला बांधणारा गोरा शिपाई आहे. कोट, टोपी, सगळं ओळखू येतं. अठराव्या शतकातल्या पुण्याच्या देवळावर हे कोरलंय, याचे अर्थ लोक वेगवेगळे लावतात. आधी कोरीवकाम नीट बघा, शिपायाचा पोशाख, गेंड्याच्या कातडीच्या घड्या, साखळीची कडी. आत संस्कृत आणि फारसी लेख आहेत, त्यांना @शके_गणित यांची टॉर्चची रीत लागू पडेल, पण देवळात आधी विचारून. तळघरात गोसावींची समाधी आहे आणि तिथे पाणी असतं, ते नेहमी उघडं नसतं. दगड काळा असल्याने ढगाळ दिवशी कोरीवकाम सपाट दिसतं, उन्हाच्या दिवशी जा.

जाता जाता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून पुन्हा एकदा आत शिरा. दारावरचे अणकुचीदार खिळे सगळे बघतात, दरवाज्याच्या आतल्या भिंतींवरची पुसट चित्रं कुणी बघत नाही. गणपती आणि शेषशायी विष्णू अजून ओळखता येतात. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर दोन मिनिटं डोळे सरावू द्या, मगच दिसतात. फ्लॅश नको, हातही लावू नका.

---

सागवानी

वेळ आणि सामान यांचं उत्तर राहिलं होतं. रविवारी सात ते साडेनऊ. त्या वेळी दुकानांपुढे गाड्या आणि टांगलेला माल नसतो, जोती आणि तळखडे मोकळे दिसतात. त्यानंतर फक्त वरचे मजले दिसतात. सामान : आठपटीची छोटी दुर्बीण (मोबाइलच्या झूमपेक्षा घोडे आणि केळफुलं तिने खूप स्पष्ट दिसतात), टॉर्च, पट्टी, वही. चार-पाचांपेक्षा जास्त जण नकोत, बोळ अडतो आणि माणसं वैतागतात. तेवढ्या वेळात एक पेठ, फार तर दीड.

नोंद करताना पेठ, घर क्रमांक आणि दारावर रंगवलेला सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) लिहा. त्या क्रमांकावरून पुढे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढता येते. नुसतं ‘अमक्या मिठाईवाल्याच्या मागे’ लिहून ठेवलंत तर दुकान बदललं की नोंद वाया.

---

ओतीव

परवानगीबद्दल दोन शब्द, कारण हे नीट केलं नाही तर पुढच्यांना दारं बंद होतात. रस्त्यावरून दिसतं ते बघा. चौकात पाऊल टाकण्याआधी हाक मारा, ‘दार बघू का?’ असं विचारा, आणि नाही म्हटलं तर नाही. वाड्यांमध्ये भाडेकरू आणि मालक यांचे वाद कोर्टात असतात, कॅमेरा घेऊन आलेला माणूस बिल्डरचा किंवा महापालिकेचा वाटतो. म्हणून आधी तोंडाने सांगा, मग कॅमेरा काढा. घरातली माणसं, नावाच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे फोटोत नकोत.

रिकाम्या, मोडकळीला आलेल्या वाड्यातलं सुटं कोरीव लाकूड, पितळी कडी, दगडी मूर्ती यांचे फोटो पत्त्यासकट समाजमाध्यमांवर टाकू नका. असा माल खरेदी करणारे तेच बघत असतात. फोटो काढा, सि.स.नं.सह स्वतःकडे ठेवा, आणि पाडकाम सुरू झालेलं दिसलं तर महापालिकेच्या वारसा विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा, जुन्या फोटोसकट. वाडा वारसा यादीत आहे का आणि कुठल्या श्रेणीत, हे तिथेच कळतं. यादीत नसला तरी पत्राची पोच घ्या.